उत्तर उशिरा येते तेव्हा : मेंदूतील श्वेतद्रव्याची ओळख

घरातील ज्येष्ठ व्यक्तीच्या मेंदूचा एमआरआय काढला जातो. निमित्त कधी चक्कर असते, कधी पडणे, तर कधी नुसती डोकेदुखी. अहवाल हाती येतो आणि त्यात एक वाक्य आढळते. त्याचा मराठी आशय साधारण असा असतो : ‘दोन्ही बाजूंच्या श्वेतद्रव्यात सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे झालेले बदल, वयोमानानुसार.’ दवाखान्यातील गर्दीत डॉक्टर ‘वयानुसार असते, घाबरू नका’ एवढेच सांगू शकतात. घरी परतल्यावर मात्र मनात प्रश्न उभे राहतात. हे श्वेतद्रव्य म्हणजे काय? ही स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नव्हे? आणि यावर काही करता येते, की केवळ पाहत राहायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे या लेखात क्रमाने पाहू.

करडे आणि पांढरे

मेंदूचा आडवा छेद घेतला, तर त्यात दोन रंग दिसतात. बाहेरच्या बाजूला घड्याघड्यांचा करडा पापुद्रा असतो आणि त्याच्या आत पांढरट भाग असतो. करड्या भागात चेतापेशींची शरीरे असतात. पाहणे, ऐकणे, हिशेब करणे, शब्द शोधणे ही कामे तेथे चालतात. पण एका भागातील काम दुसऱ्या भागाला कळले नाही, तर त्याचा उपयोग नाही. डोळ्यांनी पाहिलेला चेहरा ओळखायचा, त्याचे नाव आठवायचे आणि ते जिभेवर आणायचे, तर मेंदूतील दूरदूरच्या भागांचा क्षणार्धात संवाद व्हावा लागतो. हा संवाद ज्या लांब धाग्यांतून होतो, त्यांना अक्षतंतू म्हणतात आणि त्यांच्या जुडग्यांनी बनलेला भाग म्हणजे श्वेतद्रव्य. प्रौढ माणसाच्या मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग या धाग्यांनीच व्यापलेला असतो.

या भागाला पांढरेपणा येतो तो धाग्यांवरील स्निग्ध वेष्टनामुळे. या वेष्टनाला मायलिन म्हणतात. रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्याने १८५४ मध्ये हे नाव दिले. मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याने ते घेतले. मायलिनच्या कोरड्या वजनाचा ७० ते ८५ टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा आणि उरलेला प्रथिनांचा असतो. मेंदूमध्ये ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपल्या पातळ पडद्याचे वेढ्यावर वेढे देऊन हे वेष्टन तयार करतात. अशी एक पेशी आपले अनेक हात पसरून कित्येक धाग्यांना आच्छादन पुरवते. हातापायांच्या नसांमध्ये हेच काम श्वान पेशी करतात, पण तेथे एक पेशी धाग्याच्या एकाच तुकड्यावर वेष्टन घालते.

जलद गाडी आणि धिमी गाडी

विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते, तसेच हे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. ही तुलना अर्धीच खरी आहे. तारेचे आवरण सलग असते, मायलिनचे नसते. दर थोड्या अंतरावर वेष्टनात एक बारीक फट असते आणि तेवढ्यापुरता धागा उघडा राहतो. फ्रान्समधील लुई रॅनव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकात या फटींचे वर्णन केले, म्हणून त्यांना रॅनव्हिएच्या खाचा म्हणतात. संदेशाचा विद्युत्-आवेग धाग्याच्या इंचाइंचावर नव्याने निर्माण न होता फक्त या खाचांपाशी ताजा होतो आणि एका खाचेवरून दुसरीवर जणू उडी घेत पुढे जातो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने प्रवास केलेल्यांना हे सहज समजेल. धिमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, तर जलद गाडी मोजक्याच स्थानकांवर. मार्ग तोच असतो, पण पोहोचण्याच्या वेळात मोठा फरक पडतो.

हा फरक आकड्यांतून पाहावा. मायलिन नसलेल्या बारीक धाग्यातून संदेश सेकंदाला सुमारे अर्धा ते दोन मीटर या वेगाने जातो. म्हणजे आजोबांच्या संध्याकाळच्या फेरफटक्याइतका त्याचा वेग. जाड मायलिन असलेल्या धाग्यातून तोच संदेश सेकंदाला १२० मीटरपर्यंत वेग गाठतो. ताशी हिशेब केला, तर हा वेग ४०० किलोमीटरहून अधिक भरतो. याचा प्रत्यय आपण सर्वांनी घेतलेला आहे. पायाचा अंगठा उंबरठ्याला ठेचकाळतो, तेव्हा आपटल्याची जाणीव आणि तीव्र कळ लगेच उठते. खोलवरचा ठणका मात्र किंचित मागून येतो. पहिले संदेश मायलिनयुक्त धाग्यांतून आलेले असतात आणि मागून येणारा ठणका मायलिन नसलेल्या धाग्यांतून. दोन्ही संदेश निघाले एकाच वेळी, पण पोहोचले वेगवेगळ्या वेळी.

यावरून मायलिन झिजले तर काय होईल, हे ओळखता येते. संदेश मंदावतो, वाटेत विरतो किंवा एकत्र पोहोचायला हवेत असे संदेश मागेपुढे पोहोचतात. करड्या भागातील पेशी शाबूत असूनही काम रेंगाळते. ज्ञान गेलेले नसते, ते वेळेवर हाती येत नाही.

वयाबरोबर काय घडते?

श्वेतद्रव्याची घडण जन्माआधी सुरू होते आणि तिशी-चाळिशीपर्यंत चालू राहते. नियोजन आणि संयम यांची जबाबदारी असलेल्या कपाळामागील भागाचे धागे सर्वांत शेवटी पूर्णत्वास येतात. पुढे हळूहळू उतरण सुरू होते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार विसाव्या वर्षी मेंदूच्या श्वेतद्रव्यातील मायलिनयुक्त धाग्यांची एकूण लांबी पुरुषांमध्ये सुमारे १,७६,००० किलोमीटर आणि स्त्रियांमध्ये सुमारे १,४९,००० किलोमीटर असते. पृथ्वीला जवळपास चार प्रदक्षिणा घालता येतील इतकी ही लांबी आहे. ऐंशीव्या वर्षापर्यंत ती सुमारे ४५ टक्क्यांनी घटते. हा आकडा धसका घेण्यासाठी सांगितलेला नाही. एवढी घट होऊनही ऐंशीव्या वर्षी असंख्य माणसे आपला व्यवहार नीट सांभाळतात, नातवंडांना शिकवतात आणि वर्षानुवर्षांची नाती लक्षात ठेवतात. मेंदूजवळ राखीव क्षमता असते, हाच त्याचा अर्थ.

अहवालातील ‘बदल’ मात्र या साध्या उतरणीहून थोडे वेगळे असतात. त्यांचे कारण रक्तपुरवठ्यात आहे. मेंदूच्या खोल भागातील श्वेतद्रव्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब व केसासारख्या बारीक असतात आणि एकीचे काम अडले, तर दुसरीने मदतीला धावावे अशी जोडणी त्यांच्यात फारशी नसते. कालव्याच्या टेलकडील शेतांची जी अवस्था, तीच या भागाची. वर पाणी पुरेसे असले तरी शेवटच्या शेताला ते कमी दाबाने आणि अनियमित मिळते. कित्येक वर्षांचा उच्च रक्तदाब या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि ताठर करतो. मधुमेह आणि तंबाखू त्यात भर घालतात. मग टेलकडील धाग्यांची उपासमार होते आणि त्यांचे मायलिन विरळ होऊ लागते.

मायलिन स्निग्ध असल्यामुळे निरोगी श्वेतद्रव्यात पाण्याचे प्रमाण कमी असते. मायलिन विरळ झालेल्या जागी पाणी वाढते. एमआरआयच्या काही विशिष्ट चित्रांत असा भाग ठळक पांढरा दिसतो. म्हणजे चित्रातील ‘पांढरे ठिपके’ हे श्वेतद्रव्य नव्हे, तर श्वेतद्रव्यातील दुखावलेल्या जागा होत. नावातील साम्यामुळे अनेकांचा येथे गोंधळ होतो.

अहवाल कसा समजून घ्यावा?

नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ६० ते ९० वर्षे वयाच्या १,०७७ व्यक्तींच्या मेंदूची चित्रे तपासण्यात आली. त्यांपैकी केवळ ५ टक्के लोकांच्या श्वेतद्रव्यात असा एकही डाग नव्हता. म्हणजे या वयात काही ठिपके दिसणे हाच नियम आहे आणि मुळीच न दिसणे हा अपवाद. त्यामुळे ‘बदल आहेत का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न ‘किती आहेत?’ हा आहे. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी फझेकास श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे बदल नाहीत, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांत मिसळू लागलेले आणि तीन म्हणजे मोठे सलग पट्टे. साठी-सत्तरीतील श्रेणी एक बहुधा वयाचाच भाग असते. श्रेणी दोन आणि तीन असेल, तर रक्तदाब, साखर, चालणे आणि स्मरण यांची डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. बदल अधिक असतील, तर पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. परंतु धोका वाढणे म्हणजे रोग होणे नव्हे. केवळ चित्रावरून स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही. ते माणसाच्या रोजच्या वागण्यावरून, कामांवरून आणि तपासणीवरून होते. अहवालातील एका ओळीवरून घरातील वडीलधाऱ्यांच्या हातून बँकेचे व्यवहार किंवा स्वयंपाकघर काढून घेण्याची घाई करू नये.

श्वेतद्रव्याची झीज अधिक झाली असेल, तर तिची लक्षणे विसराळूपणापेक्षा मंदपणातून अधिक दिसतात. उत्तर द्यायला वेळ लागतो. एका कामातून दुसऱ्याकडे वळणे जड जाते. चाल संथ होते, पावले आखूड पडतात आणि पायांत अंतर ठेवून चालले जाते. लघवीची घाई होते. कशातच उत्साह वाटत नाही. नाव आठवत नाही, पण पहिले अक्षर सुचवले की बहुधा लगेच आठवते. अशी लक्षणे एकत्र दिसली, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावीत.

काय करता येते?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर आशादायक आहे.

पहिला मुद्दा रक्तदाबाचा. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढील, उच्च रक्तदाब असलेल्या, पण मधुमेह व पक्षाघात नसलेल्या व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटात वरचा रक्तदाब १४० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट होते, दुसऱ्यात १२० च्या खाली. सुमारे चार वर्षांनी पुन्हा चित्रे काढली, तेव्हा पहिल्या गटात श्वेतद्रव्यातील डाग सरासरी १.४५ घन सेंटिमीटरने वाढलेले दिसले, तर दुसऱ्या गटात ०.९२ घन सेंटिमीटरने. डाग नाहीसे झाले नाहीत, पण त्यांची वाढ मंदावली. येथे एक इशारा द्यायला हवा. १२० हे उद्दिष्ट प्रत्येकासाठी नसते. काही ज्येष्ठांचा रक्तदाब उभे राहताच उतरतो आणि ते पडतात. म्हणून रक्तदाब बसून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजून घ्यावा. उद्दिष्ट डॉक्टरांनीच ठरवावे आणि ‘आज बरे वाटते’ म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नये.

दुसरा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा. मायलिनची घडण आणि निगा यांसाठी ते अनिवार्य आहे. निसर्गतः ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. भाज्या, डाळी, धान्ये यांत ते नसते. त्यामुळे दूधदुभते कमी घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींमध्ये त्याची कमतरता सहज उद्भवते. त्यातच वाढत्या वयात जठरातील आम्ल कमी झाल्याने अन्नातील ब-१२ नीट शोषले जात नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी आम्लनाशक गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये ही अडचण वाढते. लक्षणे हळूहळू येतात : तळपायांना मुंग्या, पायाखाली कापूस असल्याचा भास, अंधारात तोल जाणे. तोंडाला साबण लावून डोळे मिटल्यावर झोक जाणे ही विशेष लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे. पायांकडून येणारी जाणीव मेरुरज्जूतून वर पोहोचत नसेल, तर डोळेच तोल सांभाळत असतात. ते मिटले की आधार सुटतो. रक्तक्षय नसतानाही हे घडू शकते. साध्या रक्तचाचणीने कमतरता कळते आणि गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन ती भरून काढता येते. लवकर उपचार झाले, तर बरीच सुधारणा होते. फार उशीर झाला, तर काही नुकसान कायम राहते. केवळ फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेत राहणे धोक्याचे आहे. त्याने रक्त सुधारते, पण ब-१२ च्या कमतरतेने नसांचे होणारे नुकसान आतून चालूच राहते.

तिसरा मुद्दा आहाराबाबतच्या गैरसमजाचा. मायलिन स्निग्ध असते, तेव्हा तूप किंवा बदाम अधिक खाल्ले की ते वाढेल, असे अनेकांना वाटते. मेंदू आपल्याला लागणारे कोलेस्टेरॉल जवळजवळ सर्व स्वतःच तयार करतो. आहारातील किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल सरळ मेंदूत जात नाही. जेवणात तूप बेताने असावे, पण ते मायलिनचे औषध म्हणून घेऊ नये.

चौथा मुद्दा हालचालीचा आणि शिकण्याचा. ऑक्सफर्ड येथे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तरुण स्वयंसेवकांना सहा आठवडे चेंडू झेलण्याची कसरत शिकवली, तेव्हा त्यांच्या श्वेतद्रव्यात मोजता येण्याजोगा बदल आढळला. लंडनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की नवे मायलिन बनू दिले नाही, तर नवे कौशल्य शिकणे अडखळते. तरुणांवरील आणि उंदरांवरील निष्कर्ष ज्येष्ठांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही श्वेतद्रव्य हा जन्मभर तसाच राहणारा साचा नव्हे, हे यातून स्पष्ट होते. रोज झेपेल तेवढे चालावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. भजनातील नवी चाल, नवा विणकामाचा नमुना, नातवंडांकडून शिकलेला खेळ असे काहीतरी हातात असावे. तंबाखू आणि मिश्री मात्र सोडलीच पाहिजे.

थांबू नये असे प्रसंग

वर सांगितलेले बदल महिन्या-वर्षांच्या गतीने होतात. एखादे लक्षण अचानक आले, तर ते वेगळे समजावे. चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एका हाताची शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे हे पक्षाघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी मिनिटही न दवडता रुग्णालय गाठावे. काही तासांत किंवा दिवसांत दोन्ही पायांतून वर चढत जाणारी अशक्तताही अशीच तातडीची असते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे आजाराचे अनेक रुग्ण आढळले, ते वाचकांना आठवत असेल. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच नसांवर आणि बऱ्याचदा त्यांच्या मायलिनवर हल्ला करते. श्वसनाचे स्नायूही दुर्बल होऊ शकतात, म्हणून लवकर दाखल होणे जीव वाचवणारे ठरते. हातापायांच्या नसांतील श्वान पेशी नव्याने वेष्टन घालू शकतात, त्यामुळे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत सावरतात.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आईला प्रश्न विचारला आणि उत्तर येण्याआधीच आपण तो पुन्हा विचारला, की तिच्या मेंदूत धिम्या गाडीने निघालेले पहिले उत्तर वाटेतच अडते आणि प्रवास नव्याने सुरू होतो. आपल्याला वाटते, ती लक्ष देत नाही. तिला वाटते, आपण रागावलो. दोघांच्याही वाट्याला विनाकारण दुःख येते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. मग मनात दहापर्यंत अंक मोजावेत. ‘चहा घेणार, की दूध, की आधी आंघोळ?’ असे न विचारता ‘चहा घेणार का?’ एवढेच विचारावे. ती चालत असताना गंभीर विषय काढू नये. चालणे आणि बोलणे या दोन कामांचा भार एकाच वेळी पडला, की पाय अडखळतो. जिना उतरताना तर मौनच बरे. रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा, वाटेतले पायपुसणे काढावे आणि भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवावी.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती. उत्तर सुचायला वेळ लागला, तर ओशाळून ‘जाऊ दे’ म्हणू नका. ‘थांब, सांगतो’ असे म्हणा आणि हवा तेवढा वेळ घ्या. संथपणा म्हणजे बुद्धी आटणे नव्हे. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला जाताना सर्व औषधांची यादी आणि मागचे अहवाल सोबत ठेवा आणि तीन गोष्टी आवर्जून विचारा : माझा रक्तदाब किती असावा, उभे राहिल्यावर तो किती उतरतो, आणि ब-१२ ची तपासणी शेवटची केव्हा झाली होती. या तीन उत्तरांत पुढील बऱ्याच वर्षांची काळजी घेण्याची सोय आहे.